चढताना पुसायचा आरसा

मित्रांनो, आरसा म्हटलं की तुम्हाला भांग पाडणं आठवेल, नाहीतर दातांत अडकलेलं काहीतरी काढणं आठवेल. माझ्यापुढे उभं राहून आजवर कोणी भांग पाडलेला नाही. मी डोंगरातल्या एका रस्त्यावर, अवघड वळणावर, लोखंडी खांबाला बसवलेला जुना गोल आरसा आहे. माझं पोट पुढे आलेलं आहे. माझ्यात पाहणाऱ्याचं नाक भोपळ्याएवढं दिसतं आणि कान कुठल्या कुठे जातात, म्हणून लहान मुलं मला पाहून हसतात. हसोत बापडी. जो रस्ता समोरून कोणालाच दिसत नाही तो माझ्यात दिसतो, आणि माझा जन्म त्यासाठीच झाला आहे.

मला घडवलं ती पत्र्याच्या छपराची एक लांबट शेड होती. एका टोकाला भट्टी धगधगत असायची आणि दुसऱ्या टोकाला हातमोजे घातलेल्या बायका काचा पुसत बसलेल्या असायच्या. माझी सपाट काच भट्टीत मऊ केली, साच्यावर ठेवली, आणि ती हळूहळू वाकून मला हे पोट आलं. मग पाठीला चकचकीत थर चढला, त्यावर रंग, आणि कडेने लाल पत्र्याची पट्टी. शेजारचे सपाट आरसे दुकानांत जाणार होते, न्हाणीघरांत जाणार होते, कपाटांच्या दारांवर मिरवणार होते. मला त्यांचा जरा हेवाच वाटत होता. मला शेवटचा हात फिरवणाऱ्या मावशी शेजारणीला म्हणाल्या, "यात कोणी स्वतःला बघणार नाही. समोरून कोण येतंय ते बघणार." तेव्हा ते बोलणं मला टोचलं होतं.

तिथून मला आणलं ते द्राक्षांच्या मुलखात. डोंगराच्या उतारांवर पायथ्यापासून खिंडीपर्यंत वेलींच्या रांगा, मधे मधे दगडी बांध, आणि त्यांतून वळत वळत वर जाणारा अरुंद डांबरी रस्ता. इथली द्राक्षं खायची नव्हेत, वाईनची. बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली. तोडणीच्या दिवसांत पायथ्याच्या वायनरीतून आंबूस गोड वास थेट माझ्यापर्यंत येतो.

या रस्त्यावर एका वळणाच्या आतल्या अंगाला माणसापेक्षा उंच दगडी भिंत आहे, आणि ती भिंत संपते तिथेच एका बागेचं फाटक आहे. बाग अर्धी रस्त्याच्या अलीकडे, अर्धी पलीकडे. बागवाल्याला ट्रॅक्टर घेऊन सारखा रस्ता ओलांडावा लागतो, आणि वरून वेगात उतरणाऱ्याला ट्रॅक्टर रस्त्यात आल्याशिवाय दिसत नाही. म्हणून फाटकासमोर, रस्त्याच्या दुसऱ्या कडेला, मला उभं केलं. बागवाल्याला माझ्यात वरचा रस्ता दिसतो आणि वरून येणाऱ्याला फाटक दिसतं. पहिल्या दिवशी बागवाल्याने ट्रॅक्टरचं नाक बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "झकास." एवढीच स्तुती. पण तो माणूस हवेला, मजुरांना, वायनरीच्या वजनकाट्याला, झाडून सगळ्यांना नावं ठेवणारा होता. त्यामुळे मला ती पुरली.

माझं खरं गिऱ्हाईक मात्र सायकलवाले. सुटीच्या सकाळी ते खालून यायचे. घट्ट कपडे, बारीक चाकं, कमरेत वाकलेले. खिंडीपर्यंत चढायचं, तिथे पाणी प्यायचं, आणि मग वाऱ्यासारखं खाली यायचं. माझ्या वळणाआधीचा चढ अख्ख्या रस्त्यात सर्वांत खडा आहे. या मंडळींत एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. चढावर पाय जमिनीला टेकवायचा नाही. ज्याने टेकवला त्याचं नाक कापलं गेलं.

त्यांच्यात एक शिंपीकाका होते. दिवसभर मशीनवर बसून पोट थोडं सुटलेलं, म्हणजे माझ्याच जातीचे. एकदा माझ्यापाशी येईपर्यंत त्यांच्या छातीचा भाता झाला. आता पाय टेकतोय अशी वेळ आली. पुढच्यांनी मागे वळून पाहिलं, तर काका सायकल खांबाला टेकवून खांबाच्या बुंध्याशी असलेल्या माझ्या चौथऱ्यावर चढलेले आणि खिशातला फ्लॅनेलचा तुकडा माझ्या तोंडावरून फिरवत होते.

"व्हा पुढे," ते धापा टाकत म्हणाले. "आरसा फार खराब झालाय. जरा पुसतो."

गंमत अशी की मी खरंच खराब झालो होतो. हवा दमट झाली की वेलींच्या पानांवर रोग पडतो. मग बागवाला मोरचूद आणि चुन्याचं औषध कालवून ट्रॅक्टरच्या टाकीतून फवारतो. वारा माझ्या बाजूचा असला की त्या औषधाचा निळसर पांढरा थर माझ्यावर बसतो. पावसाने तो धड निघत नाही, कापडाने चोळावा लागतो. काकांनी तो चोळून काढला आणि जाताना फ्लॅनेलचा तुकडा माझ्या खांबाच्या खिळ्याला अडकवून ठेवला.

त्या दिवसापासून मंडळींना पळवाट मिळाली. ज्याला दम लागेल तो म्हणायचा, "आरसा पुसून येतो." खिंडीत उशिरा पोचलेल्याला बाकीचे विचारायचे, "काय, आज आरसा फार मळला होता वाटतं?" सगळे हसायचे. हसण्यावारी का होईना, मी मात्र लखलखीत असायचो. चढणारा पुसायचा आणि उतरणारा बघायचा. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस.

बागवाल्याची मुलगी याच काळात सायकल शिकली. तिला घरात बबडी म्हणत. फाटकाच्या दगडावर बसून ती सायकलवाल्यांना मोजायची. मग एक दिवस भावाची जुनी, जड सायकल घेऊन तीच त्यांच्या मागून चढू लागली. बागवाला आधी कुरकुरला. "हे रिकामटेकड्यांचे उद्योग," तो म्हणायचा. पण ती वळणावर दिसायची वेळ झाली की त्याचं नेमकं फाटकापाशीच काहीतरी काम निघायचं. सुरुवातीला तिला माझ्यापाशी रोज थांबावं लागे. चौथऱ्यावर चढून, जीभ बाहेर काढून, ती मला कडेकडेने पुसायची. तिच्याइतकं नीट मला शिंपीकाकांनीही पुसलं नाही.

वर्षं गेली. बबडीच्या पायांत ताकद आली आणि हलकी, चांगली सायकलही आली. आता ती माझ्यापाशी थांबेना. का थांबावं? तिला दम लागत नव्हता. शिंपीकाकांचे गुडघे गेले आणि ते यायचे बंद झाले. नवी मुलं आली, जोमदार, घड्याळाकडे बघत चढणारी. आरसा पुसणारा म्हणजे दमलेला, एवढंच त्यांना ठाऊक. त्यामुळे माझ्यापाशी थांबायची त्यांना लाज वाटायची. जो तो मला ओलांडून जायचा. खिळ्यावरचं फ्लॅनेल उन्हाने विरलं आणि एका वादळात उडून गेलं. बागवाला कधीमधी बाहीने माझा मधला भाग पुसायचा, तेवढाच. मी कोणाला हाक मारू शकत नाही. धूळ, कोळ्याची जाळी आणि औषधाचे ओघळ अंगावर घेऊन मी उभा राहिलो.

त्या वर्षी बबडीची सायकलशर्यतीच्या संघात निवड व्हायची होती. याच रस्त्याने खिंडीपर्यंत चढून किती वेळात खाली येते, त्यावर सगळं ठरणार होतं. ती रोज सराव करत होती. बरेच दिवस हवा कोंदट होती आणि त्या सकाळी कुठे जरा उघडलं होतं. बागवाला तांबडं फुटल्यापासून फवारत होता. भिंतीच्या कडेची रांग झाली तेव्हा वारा माझ्याकडे फिरला आणि मी पार निळा झालो. खालच्या कडेला एक फट तेवढी उरली, त्यातून मला जग दिसत होतं.

बबडी खालून आली. तिच्या अंगात लाल जर्सी होती. तिने वर पाहिलं.

"बाबा, आरसा भरला," ती न थांबता ओरडली.

"मी पुसतो गं," बागवाला भिंतीपलीकडून म्हणाला. "तू हो पुढे. वेळ जाईल तुझा."

तो पुसणार होता. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. पण टाकीत औषध उरलं होतं, आणि कालवलेलं औषध तसंच ठेवलं की फुकट जातं. पलीकडच्या तुकड्यावर ते संपवावं आणि मग कापड घेऊन यावं, असा त्याने विचार केला असेल. तो ट्रॅक्टर घेऊन फाटकात आला. घाईत, रोजच्या सवयीने त्याने मान वर करून माझ्याकडे ओझरतं पाहिलं. माझ्यात काहीच हललं नाही. काहीच दिसत नाही, म्हणजे कोणी येत नाही, असं त्याने धरलं आणि ट्रॅक्टर पुढे घातला.

त्याच वेळी बबडी वरून येत होती. तिनेही वेगात माझ्याकडे ओझरतं पाहिलं. बाबांनी आरसा पुसला असणार, हे तिने मनाशी धरलेलं होतं. माझ्यात काही हलताना दिसलं नाही. तिने ब्रेक लावला नाही.

मित्रांनो, बाप आणि लेक दोघांनीही त्या क्षणी माझ्यावर विश्वास टाकला. माझ्यात दोघंही दिसत नव्हती. नंतर जो आवाज आला तो मी सांगणार नाही. सायकलचं एक चाक मात्र रस्त्याच्या कडेला बराच वेळ फिरत राहिलं, ते मला खालच्या फटीतून दिसलं.

ती वाचली. मांडीचं हाड मोडलं होतं, खांद्याचं हाड मोडलं होतं, पण ती वाचली. हे मला फाटकाशी थांबणाऱ्या लोकांच्या बोलण्यातून समजलं. डॉक्टरांनी मांडीत सळई घातली. चालेल म्हणाले, सायकलचं मात्र काही बोलले नाहीत. निवडीचा दिवस आला आणि गेला. दुसऱ्याच कोणाकोणाच्या सायकली माझ्यापुढून सुसाट गेल्या. माझं तोंड अजून निळंच होतं. घरात तेव्हा कोणाला कसली शुद्ध नव्हती, आणि इतरांना ते आपलं काम वाटलं नाही.

मग एका दुपारी बागवाला शिडी आणि पाना घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्याने शिडी लावली आणि माझा एक नट सैल केला. मी एका बाजूला कललो. आता आपलं संपलं, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, वाईटही वाटलं नाही.

"काय करताय?" फाटकातून बबडीची आई आली. तिच्या हातात डबा होता. ती दवाखान्यात निघाली होती.

"काढून टाकतो. याच्या भरवशावर राहिलो म्हणून झालं सगळं."

"त्याने काय केलं? त्याच्या तोंडावर औषध कोणी उडवलं?"

बागवाल्याचा पाना नटावरच थांबला.

"शुद्धीवर आल्यावर पोरीने पहिलं काय विचारलं, सांगू?" आई म्हणाली. "आरसा पुसला का. अजून लोक उतरत असतील, म्हणाली. आणि दुसरं विचारलं, बाबा का येत नाहीत. काय सांगू मी तिला? तिच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन तुम्ही परत जाता."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच," ती म्हणाली. "आरसा पुसा आणि चला. मी थांबते."

तो शिडीवरच रडला. मोठ्या माणसाचं रडणं मी एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. मग त्याने सैल केलेला नट घट्ट आवळला, बायकोजवळच्या बाटलीतल्या पाण्याने सदऱ्याची बाही भिजवली आणि मला पुसायला लागला. मधला भागच नव्हे, कडेकडेने, लाल पट्टीच्या खाचेपर्यंत. पुसता पुसता माझ्यात वरचा रस्ता उघडत गेला. तो सगळा दिसेपर्यंत त्याने हात थांबवला नाही. नंतर शिडी तिथेच टाकून तो बायकोबरोबर गेला. दवाखान्यात बाप-लेक काय बोलली ते मला ठाऊक नाही. त्या दिवसापासून तो रोज डबा घेऊन जायला लागला, एवढं मी पाहिलं.

अपघाताच्या दिवशी बबडीची लाल जर्सी डॉक्टरांनी कात्रीने कापून काढली होती. बागवाल्याने ती धुऊन जपून ठेवली होती. ती घेऊन तो शिंपीकाकांकडे गेला. काही दिवसांनी काका मुलाच्या गाडीतून वळणावर आले. काठी टेकत खाली उतरले. त्यांच्या हातात जर्सीचा चौकोनी तुकडा होता, चारी बाजूंनी बारीक टीप मारलेला, एका कोपऱ्याला अडकवायला बंद लावलेला. सुटीची सकाळ होती, सायकलवाली मुलं चढत होती. काकांनी काठी आडवी धरून त्यांना थांबवलं. भर चढावर सगळ्यांनी पाय टेकवले.

"मला दम लागायचा म्हणून मी आरसा पुसायचो," काका म्हणाले. "तुम्हाला नाही लागत, छान आहे. मग तुमच्यात जो सगळ्यात पुढे असेल त्याने पुसायचा. मागचा बिचारा आधीच दमलेला असतो."

कोणी हसलं नाही. सगळ्यात पुढच्या मुलीने ते लाल कापड घेतलं आणि ती माझ्या चौथऱ्यावर चढली. तेव्हापासून मंडळींत नवा कायदा झाला. आता माझ्यापाशी थांबायला चढाओढ लागते. बागवाल्यानेही आपला नेम केला. माझ्या बाजूची रांग फवारून झाली की टाकीत कितीही औषध उरलेलं असो, तो आधी ट्रॅक्टर बंद करतो, मला पुसतो आणि मगच फाटकाबाहेर पडतो.

वेलींची पानं गळाली, छाटणी झाली, पुन्हा कोंब फुटले. एका सकाळी खालून चाकांचा संथ आवाज आला. ओळखीचा होता, पण फार दिवसांत न ऐकलेला. भावाची तीच जुनी, जड सायकल. बबडी चढत होती. एक पाय जोराने पडत होता, दुसरा त्याच्यामागे ओढला जात होता. तोंड लालबुंद झालं होतं. एक म्हातारा गृहस्थ तिला सहज मागे टाकून गेला. ती येत राहिली. बागवाला फाटकात उभा होता. हातातली छाटणीची कात्री त्याने उघडलीही नव्हती.

माझ्यापाशी येऊन तिने पाय टेकवला. सायकल खांबाला लावली आणि दुखरा पाय हाताने उचलून चौथऱ्यावर ठेवला. बागवाला पुढे झाला, तशी तिने नकाराची मान हलवली. तो जागीच थांबला. तिने लाल कापड काढलं आणि मला पुसलं, कडेकडेने, लहानपणी पुसायची तसं. मी त्या दिवशी स्वच्छच होतो. तरी पुसलं.

"दम लागला वाटतं?" बागवाल्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "दमही लागला. आणि आरसाही पुसायचा होता."

दोघंही हसली, आणि त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. ती पुन्हा सायकलवर बसून खिंडीकडे गेली. बागवाल्याचा ट्रॅक्टर फाटकात उभा होता. पलीकडच्या तुकड्यात काम पडलं होतं, तरी त्याने तो सुरू केला नाही. सीटवर बसून तो एकटक माझ्यात पाहत राहिला. ऊन वर आलं. मग माझ्या एका कडेला, वरच्या रस्त्यावर, एक ठिपका हलला आणि हळूहळू मोठा होत गेला. तो तिला पाहत होता. आणि वळणापाशी येताना तिने माझ्यात पाहिलं, तेव्हा तिला फाटकात थांबलेला ट्रॅक्टर दिसला आणि त्यावर बसलेले बाबाही दिसले. तिने ब्रेक हलकेच दाबला, एक हात वर केला आणि ती वळणावरून पुढे गेली. त्या सकाळी माझ्यात दोघंही दिसत होती, मित्रांनो. यापेक्षा जास्त मला आयुष्यात काही नको होतं.

आता माझ्या पट्टीला गंज धरला आहे, आणि ट्रॅक्टरच्या चाकाखालून उडालेल्या दगडाने एका कडेचा टवका उडवला आहे. एखाद्या दिवशी मला काढतील आणि माझ्या जागी नवा आरसा येईल. त्याचंही पोट पुढे आलेलं असेल, तुम्ही त्यालाही हसाल. खुशाल हसा. पण तुमच्या वाटेवर असा कोणी उभा असेल, आणि त्याचं तोंड मळलेलं दिसलं, तर कोणीतरी पुसेल म्हणून पुढे जाऊ नका. वरून कोण येणार आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. तुम्हाला दम लागला नसला, तरी थांबा.